ती आता नाही

बाकोलोद,
१० जानेवारी २०१९

प्रिय मनांग नेना,

तुम्हा सगळ्यांना नमस्कार. नात आता मान धरायला लागली असेल. दुधाची पावडर पाठवली आहे, पाणी उकळून गार करून मगच कालव. तुझे गुडघे कसे आहेत? इथे ऊन बरं आहे. माझ्या ओठाची जखम भरली. तुझ्या सुनेच्या, मायलीनच्या दफनाच्या दिवशी तू सगळ्या गावासमोर मला मारलंस, त्याचा राग माझ्या मनात नाही. पोलिसांना मी तुझ्या मुलाविरुद्ध जबाब दिला होता. तुझ्या जागी मीही मारलं असतं.

तुझा निरोप मिळाला. सोमवारी कोर्टात मी जुनरीच्या बाजूने बोलावं, निदान त्या जखमी मुलीच्या वडिलांचे पाय धरून तक्रार मागे घ्यायला लावावी. ‘तुझीच विद्यार्थिनी आहे, तुझं ऐकेल,’ असं तू म्हणालीस.

मनांग, थोरल्या बहिणीला हे कसं लिहावं कळेना; चार वेळा हे पत्र लिहून फाडलं.

मी नर्सिंगच्या मुलींना बोलायला शिकवते. तू नेहमी हसायचीस, “बोलायला काय शिकवायचं? तोंड सगळ्यांनाच आहे.” त्यात एक धडा मृत्यूची बातमी सांगण्याचा आहे. आधी समोरच्याला बसवा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. ‘मेली’ असंच म्हणा. ‘ती आता नाही’ म्हणू नका, घाबरलेल्या माणसाला वाटतं की तिला दुसरीकडे हलवलं. आणि विद्यार्थिनीने एकटीने ही बातमी कधीही द्यायची नाही, शेजारी जाणतं माणूस हवं. अकरा वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आले.

त्या दिवशी माझ्या सहा मुली प्रसूती विभागात होत्या. दुपारी एकला मायलीनचा रक्तस्राव थांबेना. मी आत होते. खाटेखालची फरशी लाल झाली, डॉक्टरांचे बूट घसरत होते. एक चाळीसला ती मेली. तुम्ही तिला गावच्या सुईणीकडेच नेणार होता, आठवतं? ‘शहरात आणा, मी आहे ना तिथे,’ असं मीच हट्टाने म्हटलं होतं.

जुनरी उसाच्या फडातून तसाच आला होता. त्याचा कोयता पहारेकऱ्याने दारातल्या टेबलावर काढून ठेवला होता. पडद्याच्या फटीतून मला तो दिसला. बाकावर बसून हाताला लागलेली जळक्या उसाची काजळी पँटला पुसत होता, बाळाला घ्यायचं म्हणून.

माझ्याच्याने जाववेना. डॉक्टर दुसऱ्या बाईकडे धावले होते. शेजारी जोनाफे उभी होती. एकोणीस वर्षांची, वर्गात सगळ्यांत पुढे बसणारी. मी तिला म्हटलं, “जा, त्या माणसाला सांग.”

“मी एकटी, मॅडम?”

“सांगितलं ना, जा.”

ती गेली. बसली नाही, त्यालाही बसवलं नाही. म्हणाली, “सर, तुमची बायको आता नाही.”

“नाही म्हणजे? दुसऱ्या दवाखान्यात हलवलं?”

ती रडायला लागली आणि तिने मान हलवली. ती हो होती की नाही, तिलाच ठाऊक नाही. पण तो धावत सुटला.

हे सगळं मी पडद्याआडून ऐकलं, मनांग. तो चुकीचं समजलाय हे मला कळलं होतं. दहा पावलांवर दार होतं. हाक मारली असती तर थांबला असता. मी मारली नाही. पोलिसांना सांगितलं की मी तेव्हा आत कामात होते.

दोन तास तो रिक्षाने शहर पालथं घालत होता. तीन दवाखान्यांत त्याने तिचं नाव विचारलं. चारला परतला तेव्हा एक सफाईवाला सहज बोलून गेला, “ती दुपारी मेलेली का? मागच्या खोलीत ठेवलीय.” मागे जाऊन त्याने चादर उचलली.

मग टेबलावरचा कोयता घेऊन तो आत शिरला. पहिला घाव लाकडी काउंटरवर बसला. जोनाफेने तोंड वाचवायला डावा हात वर केला. दुसऱ्या घावात तीन बोटं तुटून कागदांवर पडली. तिसरा खांद्यात हाडापर्यंत गेला. तो एकच ओरडत होता, “कुठे आहे म्हणालीस? कुठे?” मी पडदा ओढून बाहेर आले. कोयता पुन्हा वर गेला होता. मला बघून तो थांबला.

“तिया,” मावशीला मारायची तीच हाक मारून तो म्हणाला, “तू इथेच होतीस?”

तेवढ्यात पहारेकऱ्याने दांडक्याने त्याचा जबडा फोडला. खाली पडल्यावरही चौघे त्याला लाथा घालत राहिले. मी कुणालाही अडवलं नाही.

त्याने हे तुला सांगितलं नसेल. मागच्या आठवड्यात मी तुरुंगात गेले होते. जबडा तारांनी बांधलाय, तरी दातांमधून बोलला, “तिया, आईला कळू देऊ नकोस. तिला तू एकटीच बहीण आहेस.”

आणखी एक राहिलं. जोनाफे शुद्धीवर आली तेव्हा तिने मला विचारलं होतं, “मॅडम, मी ‘मेली’ म्हणायला हवं होतं ना? माझंच चुकलं ना?” मी म्हटलं, “हो.” दोन महिने ती पोर तेच धरून बसली होती.

काल तिच्या घरी जाऊन मी खरं सांगितलं. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग त्याच बांधलेल्या हाताने माझ्या तोंडावर मारलं, एकदा, पुन्हा, जखम पुन्हा उकलून पट्टी लाल होईपर्यंत. तिच्या आईने तिला मागे ओढलं. वडील मला म्हणाले, “बाई, जा आता. मीही हात उचलला तर थांबणार नाही.” तक्रार मागे घ्या, हे मी त्यांना म्हटलं नाही. म्हणणारही नाही.

आज सकाळी प्राचार्यांकडे सगळं लिहून दिलं. वर्ग काढून घेतलाय.

सोमवारी नऊला कोर्टात मी हेच सांगेन. जुनरीची शिक्षा त्याने कमी होईल का, वकिलालाही सांगता येत नाही. कोयता त्यानेच चालवला, तेही मी सांगणार. त्याच्या जवळच्या बाकावर बस, त्याला तू दिसायला हवीस. माझ्याकडे बघू नकोस.

मायलीन मेली, मनांग. हे तुम्हाला मी सांगायला हवं होतं.

तुझी धाकटी बहीण,
डेलिया