एकीची आई, एकीची मम्मा

रविवार, संध्याकाळ

जुईला दुपारपासून ताप आहे. आत्ता कुठे झोपलीय. माझं मात्र कशातच लक्ष लागत नाहीये.

सई पुण्यात जन्मली, ती मला आई म्हणते. जुई इथे दिल्लीत झाली, ती मम्मा म्हणते. नर्सरीच्या ॲडमिशनच्या वेळी सगळे म्हणाले, धाकटीशी घरीही हिंदीच बोला. आम्ही बोलायला लागलो आणि मग ते तसंच राहिलं. सईशी मात्र दोघंही मराठीतच. गप्पा, चेष्टा, भांडणंसुद्धा.

आज जेवताना सई शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. जुईने विचारलं, "क्या हुआ?" मुलींचा बाबा म्हणाला, "कुछ नहीं बेटा, खाना खाओ।" असं रोजच होतं का? होत असणार. हल्ली ती विचारायचंही सोडतेय.

मध्यंतरी मी तिच्याशी मराठीत बोलून पाहिलं. "रहने दो, मम्मा," म्हणाली. रागावून नाही, माझी समजूत घातल्यासारखं. आठ वर्षांच्या पोरीने का घालावी माझी समजूत? आणि मी तरी आता काय करू?

मघाशी तिचं अंग फार तापलं होतं. डोळे मिटलेले. कपाळावर पट्टी ठेवताना माझ्या तोंडून नकळत निघालं, "बाळा, फार दुखतंय का गं?"

तिने डोळे न उघडताच बाहेरच्या खोलीकडे बोट केलं.

"मम्मा, ताई उधर है।"