फायरबॉक्समधली खुडूक कोंबडी

आई,

तुझ्या इंजिनाने गेल्या गुरुवारी वाफ धरली. बॉयलर तपासायला आलेल्या निवृत्त निरीक्षकांनी संध्याकाळी मला स्वतः फोन करून सांगितलं, की दाब चढला, टिकला, आणि एकाही सांध्यातून पाणी आलं नाही. इतकी वर्षं वर्तमानपत्रात काढल्यामुळे मी सवयीने आधी विचारलं, "हे छापू का?" ते हसले. म्हणाले, "छापा की. पण फायरबॉक्सचं तांबं अजून मूळचंच आहे, ते नक्की लिहा. सगळे विचारतात, भंगारात जाऊनही ते वाचलं कसं." मी बातमी लिहिली, वेळेत दिली. तांबं मूळचं आहे एवढं लिहिलं, कसं वाचलं ते लिहिलं नाही. ते बातमीत बसलं नसतं. म्हणून तुला लिहिते आहे, म्हणजे जिला ते सांगायची काहीच गरज नाही तिलाच.

आसनगावहून शहापूरकडे येताना हायवेला लागून ते भंगाराचं आवार होतं. बाबा गेल्यावर तू तिथे कामगारांच्या स्वयंपाकाला लागलीस. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. कोळशाची इंजिनं सगळीकडे बंद होत होती, लिलावात विकली जात होती, आणि ट्रेलरवर पडून कसाऱ्याचा घाट उतरून शेठच्या आवारात येत होती. आली की काही दिवसांत त्यांचे तुकडे होत. त्या आवारातली दुपार मला अजून स्वप्नात दिसते तशी संथ दिसते. गंजाची लाल धूळ, गॅसकटरची निळी जीभ, लोखंड पडल्यावर जमिनीतून पायात चढणारा हादरा, आणि या सगळ्याच्या मधोमध तुझ्या चुलीवर शिजणाऱ्या भाताचा वास. तुझं इंजिन बेहड्याच्या झाडाखाली उभं आहे. घाटावरच्या कुठल्याशा साखर कारखान्याचं, अरुंद रुळांवरचं, म्हशीएवढं वाटावं असं काळं आणि आडदांड. तू त्याच्या पायरीवर बसून तांदूळ निवडते आहेस. धूर कमी असला तर ड्रायव्हरच्या जागेत चढूनही बसतेस, पदराने वारा घेत.

एकदा मी विचारलं होतं, की एवढ्या लोखंडात तुला हेच का आवडतं. तू तांदळाची भाकरी थापत होतीस. "बसायला सावली हाय," म्हणालीस. मग भाकरी तव्यावर टाकून, माझ्याकडे न बघता, धरणाच्या कामाचं सांगितलंस. तुम्ही धसईकडची माणसं, आजीबरोबर तू खडी वाहायला जायचीस. तिथे असंच एक छोटं इंजिन दगडाचे डबे ओढायचं. थंडीत सकाळी ड्रायव्हर इंजिनातलं कढत पाणी बायकांच्या हंड्यांत सोडायचा. बायका पोरांना तिथेच रुळाच्या कडेला अंघोळी घालायच्या. "तेवढंच गरम पाणी भेटायचं बघ," तू म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

ज्या दिवशी शेठने ते कापायला सांगितलं तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी तुझ्याकडे जेवायला आले होते. तेव्हा मी कल्याणच्या एका लहान वर्तमानपत्राला शहापूर-मुरबाडच्या बातम्या द्यायचे. फायरबॉक्स म्हणजे इंजिनाची भट्टी. ती तांब्याची, म्हणून सगळ्यात आधी तीच कापायची. कापणारे दोघेही मुरबाडकडचे. त्यातल्या थोरल्याने कटर पेटवायच्या आधी भट्टीचं छोटं दार उघडून आत पाहिलं आणि तसाच मागे सरला.

"मावशी, आत कोंबडी हाय."

"हाय ना," तू तिथूनच म्हणालीस. "खुडूक हाय. अंड्यांवर बसलीय. उठवू नको रे तिला."

"आगो मावशी, शेठ मारंल ना आमाला."

"शेठचा मार परवाडला. वाघोबाला बोललेली कोंबडी हाय ती. पिल्लं वाघबारशीला द्यायचीत. उठवायची तर उठव, माझं काय जातंय!"

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाघबारशीच्या दिवशी जंगलाच्या कडेला वाघोबाच्या दगडापुढे कोंबडं देणाऱ्या घरांतली ती माणसं. देवाला बोललेली कोंबडी अंड्यांवरून उठवली तर वाघ गोठ्याची वाट धरतो, हे त्यांना कुणी वेगळं शिकवायला नको होतं. थोरल्याने कटर खाली ठेवला. धाकटा म्हणाला, "मावशी, तुजी कोंबडी लई शानी. आख्ख्या आवारात तिला तांब्याचीच खोली गावली!" सगळे हसले. शेठ ऑफिसातून तणतणत आला. "मावशी, ये क्या है? ही भंगारची वखार आहे का पोल्ट्री फार्म?" पण वाघोबाचं नाव ऐकल्यावर तोही जरा थांबला. त्याच्या गाड्या रोज त्याच घाटातून उतरायच्या. "तोपर्यंत पलीकडचे डबे कापा," तो म्हणाला. जाता जाता वळून, "और मावशी, पिल्लं निकली की लगेच हां!"

संध्याकाळी तू मला हायवेपर्यंत सोडायला आलीस तेव्हा म्हणालीस, "तुझ्या पेपरात इंजिनाचं लिव ना गो."

"काय लिहू? भंगार आहे ते."

"भंगार हाय म्हून तर लिव. चालतं असतं तर लोकांनी आपसूक पायलं असतं."

मी लिहिलं. आतल्या पानावर, एका कोपऱ्यात, लहानशी चौकट. पिल्लं बाहेर आली तरी ती वाचून इंजिनाचं कुणी विचारायला आलं नाही. शेठने पुन्हा माणसं पाठवली, आणि भट्टीत दुसरी कोंबडी बसलेली निघाली, पांढरी. ते मला तुझ्या तोंडून नाही, त्या धाकट्याकडून कळलं. हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेठ म्हणे तुला हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमच्या कोंबड्या संपतात कधी?" आणि तू म्हणालीस, "त्यांचं त्यांना ठाव."

खुडूक कोंबडी अंधार शोधते, हे खरं. पण ती लोखंडाची पायरी चढून, भट्टीचं जड दार उघडून, आत पेंढा अंथरलेल्या टोपलीत आपल्या पायांनी जाऊन बसत नाही. एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी तुला विचारलं नाही. तू दार उघडताना हाताला लागलेली काजळी माझ्यासमोरच धुतलीस, राखेने घासून.

मग एका रविवारी एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर ती चौकट कापून खिशात घालून आले. बरोबर त्यांचे दोन मित्र, जुन्या इंजिनांच्या मागे गावोगाव फिरणारे. ते इंजिनाभोवती फिरले, चाकांवरून हात फिरवला, एकमेकांशी हळू आवाजात बोलले, जसं आजारी माणसाच्या खोलीत बोलतात. ड्रायव्हरकाकांनी भट्टीचं दार उघडलं, आत हात घातला आणि ओरडून बाहेर काढला. बोटावर चोच बसली होती.

"अहो, हे कोण आहे आत?"

"आमचा फायरमन हाय तो, भट्टी सांभाळतो," तू म्हणालीस.

त्यांनी बोट चोखत तुझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. फायरमन ड्युटीवर असताना गाडी हलवायची नसते." शेठला त्यांनी भंगाराच्या भावानेच घेतो म्हणून सांगितलं, आणि ट्रेलर पिल्लं निघाल्यावरच आणला. इंजिन साखळ्यांनी बांधून वर चढवलं तेव्हा तू चुलीपाशीच उभी होतीस. मला वाटलं होतं तू जवळ येशील, हात लावशील. तू आली नाहीस. ट्रेलर हायवेला वळून दिसेनासा झाल्यावर झाडाखालच्या मोकळ्या जागेकडे बघून एवढंच म्हणालीस, "ऊन आलं गो चुलीवर."

नंतर तीन-चार पावसाळ्यांनी तू गेलीस. इंजिन कल्याणपलीकडच्या एका शेडमध्ये ताडपत्रीखाली उभं राहिलं. नळ्या मिळायच्या नाहीत, माणसं मिळायची नाहीत, कधी काम वर्षभर बंद. ड्रायव्हरकाकाही गेले, त्यांचे मित्र मात्र हटले नाहीत. मी अधूनमधून जायचे. शेडचा रखवालदार मला बातमीवाली बाई म्हणून आत सोडायचा. ताडपत्री जरा उचलून मी पायरीवर बसायचे. आत थंड, तेलकट अंधार असायचा, आणि बाहेर कुठेतरी कुणीतरी हातोडी मारत असायचं. त्या अर्ध्या झोपेसारख्या वेळात तू दोन हातांवर असायचीस. दिसायची नाहीस, पण सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज ऐकू यायचा. हे मी कुठे छापलेलं नाही आणि छापणारही नाही.

आता पुढच्या महिन्यात, परवानगी हातात पडली की, ते शेडबाहेर टाकलेल्या छोट्या रुळांवर आपल्या वाफेने चालेल. मुलांना बसायला एक डबा जोडणार आहेत. निरीक्षक म्हणाले, तुम्ही पहिल्या फेरीला हव्यात. हो म्हटलं. बातमीही माझ्याकडेच आहे. मी वेळेवर पोचेन आणि वेळेवर देईन. पण हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते: इंजिन वाचावं म्हणून तू इतकं केलंस, आणि ते चालू नये असं मला वाटतं. ते उभं होतं तोवर तुझ्याजवळ बसायला मला एक पायरी होती.