समुद्र दिसल्यावर चावी

१२ ऑगस्ट, मंगळवार. कराड

निघालो एकदाचे! हर्सूल सोडलं तेव्हापासून पाऊस. लेकीने, श्रेयाने, तिची जुनी गाडी आम्हाला देऊन टाकली, मला जूनमध्ये लायसन मिळालं, आणि ह्यांनी शब्द दिलाय – "समुद्र दिसला की चावी तुझी." तोवर मी शेजारी. जन्मभर एसटी चालवून रिटायर झालेला माणूस, त्याच्यापुढे माझी काय मिजास! बसले गप. म्हणजे माझ्या मानाने गप.

काटा पन्नासच्या वर जाईना. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून बेजार. म्हटलं, "अहो, बैलगाडी बरी होती की!" तर म्हणे, "घाई कुनाला हाय? समुद्र पळून चाललाय व्हय?"

१३ ऑगस्ट, बुधवार. गुहागर

चिपळुणात कहर केला! चहाला थांबू म्हणाले आणि गाडी सरळ एसटी स्टँडात घातली – सवय! दोन बसच्या मधे, फलाटाला अगदी ओळीत लावली. एक आजी पिशव्यांसकट मागचं दार उघडून आत. "गुहागरच ना हो?" मी म्हटलं, व्हय, बसा. तेवढ्यात कंट्रोलर ओरडत आला. हे शांतपणे म्हणाले, "मी बी खात्यातलाच हाय, साहेब." तो पोट धरून हसायला लागला. चहा त्यानेच पाजला. आजींना गुहागरला सोडलं, त्यांनी मूठभर कोकमं दिली.

समुद्र दिसला! मी लगेच हात पुढे केला.

"पाऊस लई हाय. उद्या."

लबाड! जेवताना अबोला धरला. सुरमई मात्र सोडली नाही.

१४ ऑगस्ट, सकाळी

ऊन पडलंय. चावी नाही.

१४ ऑगस्ट, संध्याकाळी. रत्नागिरी

ऊन कसलं, रत्नागिरी येईतो परत सरी! थिबा राजाचा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशचा राजा, इंग्रजांनी राज्य घेतलं आणि इथे आणून ठेवला, परत जाऊच दिलं नाही. लाल दगडाची ऐसपैस इमारत, लाकडी खिडक्या. तिथे बुद्धमूर्तीसमोर ह्यांनी चपला काढल्या. दोघांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. तिथला रखवालदार आम्हाला जागा देऊन बाजूला उभा राहिला. लई बरं वाटलं, एवढ्या लांब कुणी आपलं माणूस भेटल्यासारखं.

बाहेर येता येता मला राहवलं नाही. म्हटलं, "राजाला एवढं घर दिलं, पन कुठं जायचं ते दुसऱ्याच्या हातात. माझं तसंच झालंय." गमतीनेच म्हटलं. हे हसले नाहीत. परत आत वळून खिडकीशी गेले, पाऊस बघितला.

मग गाडीला एक चक्कर मारली, टायरांवर पाय मारून पाहिला, बॉनेटवर हात ठेवला. आणि चावी माझ्या हातात!

आरे-वारेचा रस्ता मी चालवला! मी! एकीकडे डोंगर, एकीकडे उधाणलेला समुद्र, वायपर फटाफट. वळणावर गिअर असा किरकिरला की मला वाटलं, आता झापणार. नव्या ड्रायव्हरांना शिकवताना रडवणारा माणूस! पण ब्र काढला नाही. मी मोठ्याने गाणी म्हटली. श्रेयाला फोटो पाठवला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. कराड

आज मागावी लागली नाही. सकाळी चावी दिली, शेजारी बसले आणि म्हणाले, "आता कायम तूच." मग सांगितलं. काचबिंदू. बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी जुलैतच गाडी बंद सांगितलीय. "एकदाच, समुद्रापत्तुर चालवायची होती. समुद्र आला, तरी सोडवंना."

मी खूप रागावले. घाटात काही झालं असतं तर! मग रडले. मग सीट पुढे ओढली आणि गाडी घराच्या रस्त्याला लावली. हे डावीकडे बसले होते. हात कुठे ठेवावेत, ते त्यांना कळत नव्हतं.