तोरसकरांची विमाने गंधालीच्या हाती

मी, विद्याधर धोंडू तोरसकर, वय ६७, राहणार मुलुंड पूर्व, विक्रोळीच्या कारखान्याच्या ड्रॉइंग विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर करीत आहे. सही वेडीवाकडी दिसेल. हात कापतात, डोके नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी गंधाली हिला मिळाव्यात. तिच्या हयातीत घर विकायचे की ठेवायचे, हे तिनेच ठरवावे. तिच्या पश्चात जे उरेल ते मुलगी दिशा हिचे.

२. काचेच्या कपाटातील सर्व विमानेही गंधालीची. ही जपानी कार्टूनमधली लढाऊ विमाने आहेत. पंख मिटले, पोटातून पाय ओढले की त्यांचा यंत्रमानव होतो. सुटे भाग आणून ती जोडायची असतात. दिशा लहानपणी हे कार्टून बघायची, म्हणून पहिले आणले. दिशा मोठी झाली, मी तिथेच राहिलो.

गंधाली या सगळ्याला ‘तुमचा कचरा’ म्हणायची. मग माझा आजार सुरू झाला. एकदा यंत्रमानवाच्या गुडघ्याची बारीक खीळ तीनदा हातातून पडली आणि मी अर्धवट किट माळ्यावर टाकून दिले. काही दिवसांनी तिनेच ते खाली काढले, टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि शिवणाचा चष्मा लावला.

“सांगा, आधी कुठला तुकडा?”

“तुला नाही जमायचं गं.”

“ब्लाउजच्या हुकापेक्षा बारीक आहे का हे? तुम्ही नुसतं सांगा.”

मी किटसोबतची जोडणीची चित्रे बघून सांगत गेलो, ती जोडत गेली. शेवटी तिने पंख मिटले, पाय ओढले आणि हळूच बोटे काढून घेतली. “अहो, उभा राहिला,” ती म्हणाली. मी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. कपाटातील खालचे दोन्ही कप्पे त्यानंतरचे, म्हणजे तिच्या हातचे आहेत. ते मी तिला देत नाही. ते तिचेच आहेत.

३. मेहुणा नंदू याने गणपतीत “खेळणंच आहे ना, भावजी” म्हणत एका विमानाचा पाय उलटा पिरगळून मोडला. दोन वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. ते लंगडे विमान तेवढे मी नंदूला देत आहे. अट एवढीच की, त्याने ते घरी न नेता दर रविवारी इथे येऊन बहिणीसमोर बसून दुरुस्त करावे. त्याला ते लवकर जमणार नाही, याची मला खात्री आहे. माझ्यामागे रविवारी तिच्याकडे कोणीतरी यायला हवे.

४. माळ्यावर एक न उघडलेले मोठे किट आहे. बंद खोक्याला जास्त भाव येतो, असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये. गंधालीने ते जोडावे आणि तिला हवा तो रंग द्यावा. मोरपिशी म्हणते आहे. जपानी लोकांची हरकत आल्यास माझ्याकडे पाठवावी.

५. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी दिशाला नेमतो. ती पवईला नोकरी करते, तिला वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ते शेवटचे किट जोडताना माझ्या खुर्चीवर तिने बसावे आणि आईला चित्रे वाचून दाखवावीत. सावकाश सांग गं. ती दोनदा विचारते, पण एकदाच जोडते.

स्थळ: मुलुंड पूर्व
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२५

(सही) विद्याधर धोंडू तोरसकर

तोरसकरांनी आमच्यासमोर, स्वतःच्या हाताने, वेळ घेऊन सही केली; आम्हीही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
(सही) डॉ. मार्तंड केणी
(सही) कल्पिता सुबोध पेडणेकर, शेजारी