मागचं-पुढचं नसलेली स्की

शनिवार संध्याकाळ, टूनगॅबी

१. मी दोन्ही टोकं सारखीच वळलेल्या स्की निवडल्या. उलटं घसरायला आणि उडीत गिरकी घ्यायला तशाच लागतात.
२. बूट अडकतो ते बाइंडिंग बरोबर मध्यावर बसवा, असं दुकानात सांगून ठेवलं.
३. आज निखिल त्या आणायला गेला आणि मला न विचारता बाइंडिंग मागे बसवून आणलं. स्कीला भोकं पाडून झाली.

"अगं, मागे असलं की स्टेबल राहतं," म्हणाला. "तू ना, मागचापुढचा विचारच करत नाहीस."

मागचापुढचा. जिला मागचं-पुढचं नाही म्हणूनच मी ती स्की घेतली, तिला यानं मागचं-पुढचं आणून दिलं. स्वतः गेल्या वर्षी लहान मुलांच्या उतारावरून बसून खाली आला होता. आणि हा इंजिनिअर. भोक बुजवलं तरी ती जागा पहिल्यासारखी राहत नाही, हे मी सांगायचं याला?

मग मला राग नक्की कशाचा आलाय? स्कीचाच ना? पुढच्या शुक्रवारी एकत्र राहायला बघितलेल्या क्वेकर्स हिलच्या घराच्या लीजवर आम्ही दोघं सही करणार आहोत. तिथंही हा माझ्यासाठी परस्पर स्टेबल ठरवणार. मागचापुढचा विचार मी आत्ता करतेय.

त्याला मेसेज पाठवला, तो इथे उतरवते:

"निखिल, माझ्या गोष्टी मला न विचारता ठरवणं तू थांबवणार आहेस का? हो किंवा नाही, गुरुवारपर्यंत कळव. 'हो' आल्याशिवाय मी सही करणार नाही."