दुवीला न मारलेली हाक

सोमवार, ४ जून. चाकायोक

पोचलो एकदाचे. सकाळी सहाला निघालो होतो, घाट चढून दुपारी दोनला गावात. दुवी वाटेत एकदाही रडली नाही. उलट्या मी केल्या, तिनं नाही.

नवी वही, नवी नोकरी, म्हणून सगळं नीट लिहून ठेवायचं ठरवलंय. माझं काम असं: ज्या गावांत रस्ता नीट जात नाही तिथं जाऊन लोकांच्या जन्माच्या नोंदी करायच्या, ओळखपत्रांचे अर्ज भरून घ्यायचे. मोठ्यांचे अंगठे घ्यायचे, तान्ह्यांच्या पावलांचे ठसे. तीन महिन्यांत अकरा गावं. माझी बायको नेलिदा आरेकिपा शहरातल्या इस्पितळात आहे, फुप्फुसांचं औषधपाणी ऑगस्टपर्यंत चालणार, आणि तोवर तिनं मुलीला जवळ घ्यायचं नाही. माझी आई गेली. तेव्हा सात महिन्यांची एदुविना, आमची दुवी, बापाच्या पाठीवर चादरीत बांधून नोकरीला निघाली आहे.

कार्यालयाच्या गाडीत मूल न्यायचं नाही असा नियम आहे. मी तो ड्रायव्हरला, डॉन तेओदोसियोला (वडीलधाऱ्याला इकडं डॉन म्हणतात), निघण्याआधीच सांगून टाकला, मनाला टोचत होता म्हणून. तो म्हणाला, पोरा, माझी मान आखडलेली असते, मला मागचं काही दिसत नाही. मग दिवसभर चिडवत होता. कांगारूची आई पोर पोटाशी बांधते, तू बाप म्हणून पाठीला, म्हणजे तू उलटा कांगारू.

शाळेच्या एका खोलीत उतरलोय. आरोग्य केंद्राच्या झोळीच्या काट्यावर दुवीला तोललं: सात किलो चारशे. सराव म्हणून तिच्या डाव्या पावलाचा ठसा या वहीच्या शेवटच्या पानावर घेतला. रेषा न् रेषा स्वच्छ उठली. टाचेवर चंद्रकोरीसारखी एक खूण आहे, ती मला आजच दिसली. सात महिने बाप आहे मी!

बुधवार, ६ जून. चाकायोक

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतंय. म्हणूनच लिहितो.

दोन दिवस काम छान चाललं होतं. मी ठसे घेताना दुवीला सांभाळायला इथली एक म्हातारी पुढं आली, ममा सातुरा. पाच बाळंतपणं झाली, एकही लेकरू उरलं नाही, हे तिनं हवापाण्यासारखं सांगितलं. तिच्या मांडीवर दुवी आ-बू, आ-बू करत खुदुखुदु हसायची. रांगेतल्या बायका मला म्हणायच्या, साहेब, तुमच्यापेक्षा हिलाच आई म्हणेल ती. मी त्यांच्याशी स्पॅनिशच बोलत होतो. त्या आपसात आमच्या डोंगराकडची भाषा बोलायच्या. ती मला येते, आईनं चुलीपुढं कोळशानं अक्षरं गिरवून घेतली तीही त्याच भाषेतून. पण बोर्डिंगात त्या बोलण्यावरून इतकी वर्षं टिंगल झाली की आता परक्यांपुढं ती तोंडातून निघत नाही. इथं तर मी साहेब.

अकराच्या सुमाराला राजधानीहून संचालक सेन्योर बाल्बुएना न सांगता तपासणीला आले. कागद बघितले, खूश झाले. मग दुवीकडं बोट करून विचारलं, हे मूल कुणाचं?

मी म्हणालो, या बाईंचं.

पटकन निघालं तोंडातून. रांगेत तीस-चाळीस माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं. एकानं मान खाली घातली. ममा सातुरानं दुवीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं आणि माझ्याकडं बघत राहिली. संचालक म्हणाले, गोड आहे हो नात. आणि मी हसलो.

गुरुवार, ७ जून. वाटेत

निघालो. संचालक शाळेच्या फाटकात आम्हाला निरोप द्यायला उभे. दुवी कालपासून ममा सातुराकडंच होती, मग तिला घ्यायचं कसं? तेओदोसियोनं गाडी शाळेच्या मागं नेली, ममा सातुरानं भिंतीवरून तिला माझ्या हातात दिलं आणि मी तिला मागच्या सीटवर पोत्यांमध्ये ठेवून वर चादर टाकली. चोराच्या मालासारखी.

आमच्याकडं तान्हं मूल घेऊन गाव सोडताना त्याची टोपी काढतात, जमिनीवरून ओवाळल्यासारखी फिरवतात आणि मोठ्यानं नाव घेऊन हाक मारतात, चल, आपण निघालो, मागं राहू नकोस. तीनदा. लहानग्यांचा जीव अंगात पक्का बसलेला नसतो, आवडलेल्या जागी रेंगाळतो. आई माझ्यासाठी हे बसस्टँडवरही करायची.

घाटात तेओदोसियोनं विचारलं, हाक मारलीस ना? मी म्हणालो, डॉन, या म्हाताऱ्यांच्या समजुती. पण ते खरं नव्हतं. माझा विश्वास आहे. भिंतीपलीकडं संचालकांना ऐकू गेलं असतं, एवढंच.

रविवार, १० जून. उमापाता

नेलिदाला फोन केला. सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. आहेच तसं. दुवी फार शहाणी झाली आहे, रडणं नाही, हट्ट नाही. इथल्या शाळेच्या बाई म्हणाल्या, असली गुणी पोर बघितली नाही. मला अभिमान वाटला.

झोपताना तिचे डोळे अर्धे उघडे राहतात. काट्यावर सहा किलो नऊशे. काटा जुना आहे.

मंगळवार, १२ जून. उमापाता

दुपारी गर्दी नव्हती म्हणून दुवीच्या पावलाचा ठसा पुन्हा घेतला. फिका आला. पॅडला शाई लावली, पुन्हा घेतला. पाऊल काळंभोर, कागदावर मात्र धुरासारखं काहीतरी. लगेच एका शेतकऱ्याच्या बाळाचा घेतला, तो खणखणीत उठला.

तेओदोसियोला दाखवलं. वाटलं काहीतरी विनोद करील. त्यानं कागद परत दिला आणि हात पँटीला पुसले.

गुरुवार, १४ जून. किंसामाचाय

पाच किलो आठशे.

गाल तेच, मांड्यांच्या वळ्या त्याच. दूध पिते, बाटली रिकामी होते. तरी पाठीवर बांधल्यावर चालताना तीनदा हात मागं नेऊन चाचपलं, आहे का. आहे. पण भरलेल्या चादरीचं ओझं नाही, नुसत्या चादरीचं.

केंद्रातल्या नर्सनं तपासलं. ताप नाही, पोट साफ, टाळू थोडी खोल. तिनं हळूच विचारलं, पोर कुठं दचकली का? हाक न मारता कुठून निघालात का? मी म्हणालो, छे. हे तिसरं खोटं.

शनिवार, १६ जून. किंसामाचाय

बटाट्याच्या ट्रकबरोबर चाकायोकहून राहिलेल्या अर्जांचं पाकीट आलं. तिथल्या शिक्षकानं भरून पाठवलेत. सातवा अर्ज तान्ह्या मुलीचा.

वय सात महिने. आई: ममा सातुरा. नावाच्या चौकटीत शिक्षकानं लिहिलंय, अजून ठरलं नाही, हाका मारून बघत आहेत, ज्या नावाला वळेल ते ठेवू. माहिती कुणी दिली, तर: नोंदणी अधिकाऱ्यानं स्वतः, रांगेसमोर. म्हणजे मी. साक्षीदारांचे अकरा अंगठे.

खाली पावलाचा ठसा. गडद.

वहीचं शेवटचं पान काढून शेजारी ठेवलं. भिंगानं बघितलं. मला हेच काम शिकवलंय, मी चुकत नाही. रेषा न् रेषा तीच. टाचेवर चंद्रकोर.

दुवी समोर खाटेवर आहे. छताकडं बघते आहे. सकाळपासून तिनं पापणी लववलेली मी पाहिली नाही.

रविवार, १७ जून. किंसामाचाय

नेलिदाचा फोन. आज ती खूप खोकत होती. म्हणाली, फक्त एकदा तिचा आवाज ऐकव ना रे, मग मी फोन ठेवते.

मी फोन दुवीच्या तोंडाशी धरला. काही नाही. नेलिदा तिकडून बोलावतेय, दुवी, ए चिमणे, कुठंयस तू, आणि इकडं काही नाही.

मग मी तोंडावर हात धरून बारीक आवाज काढला. आ — बू. आ — बू.

नेलिदा रडायला लागली, आनंदानं. म्हणाली, बघ, आईला ओळखलं तिनं.

याहून खाली माणूस जातो का, मला माहीत नाही.

सोमवार, १८ जून

तेओदोसियोला सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, गाडीत बस. कामाचं काय विचारलं, तर म्हणाला, नोकरी गेली तर दुसरी मिळेल, गाढवा.

निघण्यापूर्वी ठसा घेतला. कोरा. पाऊल शाईनं माखलेलं आणि कागद कोरा.

मंगळवार, १९ जून. चाकायोक

ममा सातुराच्या अंगणात गेलो. फाटकातूनच ऐकू आलं. आ-बू, आ-बू. खुदकन हसणं. अंगणात तर म्हातारीशिवाय कुणीच नव्हतं, ती मका सोलत होती आणि मधूनमधून एक दाणा हवेत धरून हलवत होती. हसणं त्या दाण्याच्या मागं जायचं.

पाठीवरची दुवी हलली नाही.

मी म्हातारीच्या पायाशी बसलो. आमच्या भाषेत बोललो, चाचरत. ती म्हणाली, मी नेली नाही हो साहेब. तुम्ही दिलीत. तुम्ही गेल्यावर भिंतीशी रडत होती, कुणीतरी ये म्हणायला नको? मी म्हणालो, ममा, परत द्या. तर हसली. ती काय माझ्या ओटीत बांधलीय? ज्यांच्यापुढं नाकारलीत त्यांच्यापुढं हाक मारा. उद्या कार्डं वाटायला ते तुमचे मोठे साहेब येणार आहेत, सगळं गाव असेल. आपल्या माणसाला बोलवायला लाजता कशाला?

मग दाराकडं बघून म्हणाली, मला तिची सवय झालीय. लवकर न्या.

बुधवार, २० जून. सकाळ

नऊला चौकात कार्यक्रम. खुर्च्या मांडल्यात. बाल्बुएना साहेब आलेत, मला बघून म्हणाले, अरे, तू इथं कसा?

सोपं आहे. टोपी काढायची, नाव घ्यायचं, हाक मारायची. एवढंच. एवढंच आहे.

दुपार

हाक मारली. गाडीत लिहितोय, आम्ही निघालोय.

नावं पुकारणं चालू असताना मधेच उभा राहिलो. टोपी काढली तिची. म्हणालो, ही माझी मुलगी आहे, मी खोटं बोललो होतो. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेच हसू. बोर्डिंगातलं. तरी मी टोपी जमिनीवरून फिरवली आणि ओरडलो — आमच्या भाषेत, सगळ्यांदेखत — ये पोरी, चल, आपण निघालो, मागं राहू नकोस. तीनदा.

म्हातारी लोकांना ढकलत पुढं येत होती. काहीतरी किंचाळत होती. तिसऱ्या हाकेनंतर कळलं काय ते. नाव! आधी नाव घे! नुसतं पोरी म्हणू नको, इथं किती जणी —

पण तोवर पाठ जड झाली होती. चादर ताणली. बारीक बोटांनी माझी मान धरली. गरम. मी रडलो, हसलो, साहेबांच्या पाया पडलो, कशाला ते आठवत नाही. लोक मागं सरकले. मला वाटलं, वाट देतायत.

पुढं

गाव सोडताना म्हातारीच्या अंगणावरून गेलो. काच खाली होती.

आतून आ-बू. आ-बू.

पुढं

जड आहे. काट्याची गरज नाही — दहा किलो, बारा — खांद्यावर ओठ टेकलेत. चावते आहे. दुवीला दात नाहीत. नेलिदा परवाच विचारत होती, दात आले का — नाही आले —

पुढं

तेओदोसियोनं गाडी उभी केली. आरशात बघितलं, उतरला. लांब उभा राहून सांगतोय, गाठ सोड, पोरा, गाठ सोड आणि मागं वळू नको. सोडतोय. एका हातानं सुटत नाही — दुसरा हात तिनं धरलाय — हा उजवा तेवढा मोकळा आहे —

बोलते आहे. कानाशी. आमच्याच भाषेत, जुन्या वळणाची, आईचीही आजी बोलायची तशी. म्हणते, किती वर्षांनी कुणी ये म्हणालं. म्हणते, बोलावलंस तर आता नाव दे. काय नाव माझं?

सांगायचं नाही. तिचं नाव हिला दिलं तर दुवीला परत बोलवायला माझ्याकडं काय — नाही सांगणार. कितीही घट्ट — दुसरं कुठलंही नाव — हजार नावं लिहिलीत मी, एक आठवत नाही —

पुन्हा विचारतेय. मान —

निघालं. पटकन निघालं तोंडातून, मी एदुवि