आम्ही दुकान वाढवत आहोत

३ मार्च, सोमवार
समोरच्या मोठ्या गाळ्यात अखेर सुपरमार्केट सुरू झालं. सगळी काचच काच. दार आपोआप उघडतं. मी घाबरलेलो नाही, हे आधी लिहून ठेवतो. किराणा दुकानात अर्धं आयुष्य गेलेला माणूस काचेला घाबरत नसतो. सकाळपासून पोटात गोळा आहे, तो कालच्या काकडीमुळे.

बायकोने विचारलं, सारखं तिकडे काय बघताय? म्हटलं, ऊन बघतोय. मग ऊन बाधू नये म्हणून दुकान लवकर वाढवलं. तेव्हा सूर्य मावळला होता, पण काळजी घेतलेली बरी.

४ मार्च
कॉम्पिटिशनचा अभ्यास हवा. टोपी आणि गॉगल घालून आत शिरलो. हात लावायच्या आधीच दार उघडलं, जरा दचकलो. आत गारेगार. टोमॅटोंवर मधूनच आपोआप पाणी उडतं. एवढे लाड माझे कुणी केलेले नाहीत.

युनिफॉर्ममधली मुलगी अचानक मागून म्हणाली, काही मदत हवी का? तेव्हा वेगाने बाहेर आलो. पळालो नाही. दारात आमचे जुने गिऱ्हाईक, रिटायर्ड मास्तर भेटले. ट्रॉलीत साखर. गॉगलमुळे त्यांनी मला ओळखलं नाही. फक्त म्हणाले, काय, तुम्हीसुद्धा इथेच का?

६ मार्च, सकाळ
मोबाईलवर एका बिझनेस गुरूचा व्हिडिओ पाहिला. तो सारखा बोट रोखून सांगतो, ‘वाढवा, नाहीतर संपा!’ आपल्यालाच म्हणतोय असं वाटून मोबाईल उलटा ठेवला. पण विचार पटला. आजपासून दहा मिनिटांत घरपोच सेवा.

६ मार्च, संध्याकाळ
पहिली ऑर्डर चौथ्या मजल्यावरच्या टेलरबाईंची. अंडी. त्यांची लिफ्ट बंद. वर पोचलो तेव्हा त्यांनी अंडी बाजूला ठेवून आधी मला खुर्चीत बसवलं आणि पंखा लावला. चेहरा पांढराफटक पडलाय म्हणाल्या. काही अंडी जिन्यात गेली. योजना तूर्त स्थगित. छातीत अजून धडधडतंय. जिन्याचा दोष.

८ मार्च
सेल्फ-सर्व्हिस सुरू केली. आत या, हवं ते स्वतः घ्या, असं सगळ्यांना सांगितलं. सगळे काउंटरलाच उभे राहून म्हणाले, तुम्हीच द्या ना. एक बाई धीर करून आत शिरल्या, पण त्यांना वळायला जागा होईना. साबणाचा ढीग कोसळला. दोष माझा नाही, जागेचा आहे. दुकान लहान पडतंय!

१० मार्च
सापडलं. शेजारचा रिकामा गाळा घ्यायचा, दुकान दुप्पट करायचं. बायकोला इतक्यात सांगणार नाही. सरप्राईज. शिवाय ती विचारेल, कशाच्या जोरावर? त्याचं उत्तर तयार नाही.

आधी लोकांना कळवू. बोर्डवाल्याला मजकूर दिला: ‘आम्ही दुकान वाढवत आहोत. आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.’ त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की, म्हटलं. कधी ना कधी हे करावंच लागतं, असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. धंद्याची जाण असलेला माणूस आहे.

१२ मार्च
बोर्ड लागला आणि ही झुंबड! जाहिरातीची ताकद म्हणतात ती हीच. लोक पिशव्या भरभरून माल नेतायत. सगळे म्हणतात, आता भाव कमी करा. केले. टेलरबाईंनी तर डोळे पुसले. मास्तर म्हणाले, वेळेवर थांबणं सगळ्यांना जमत नाही. ते मला नीटसं कळलं नाही. मास्तरांचं वय झालंय.

बायको दिवसभर फार प्रेमाने वागली. दोनदा चहा, न मागता.

१३ मार्च, दुपार
फळ्या रिकाम्या. होलसेलवाल्याला फोन केला, गाडी पाठव. तो म्हणाला, तुमचा स्टॉप काढला, गाडी आता समोरच्यांकडे जाते. मी म्हटलं, अरे बाबा, मी दुकान वाढवतोय, मला दुप्पट माल लागणार. तो म्हणाला, “साहेब, दुकान वाढवलं म्हणजे बंदच केलं ना?”

बाहेर जाऊन बोर्ड पुन्हा वाचला. रोज शटर ओढताना मी स्वतः काय म्हणतो? चला, वाढवतो आता. ‘बंद’ हा शब्द अशुभ, म्हणून कुठलाच दुकानदार तोंडातून काढत नाही. आणि मी अख्ख्या रस्त्याला मोठ्या अक्षरांत कळवलं!

हरकत नाही. गैरसमज आहे, उद्या बोर्ड उतरवतो. लोक हसतील, म्हणतील, बरं झालं बुवा.

१३ मार्च, संध्याकाळ
म्हणतील ना? एवढी माणसं येऊन गेली. साखर नेली, तांदूळ नेला, हात हातात घेतले. ‘नका वाढवू’ असं एकानेही म्हटलं नाही. तळहाताला सारखा घाम येतोय. आज काकडी खाल्लेली नाही.

१४ मार्च
शिडी लावून वर चढलो. बोर्डला हात घातला तर खालून बायकोने शिडी धरली. मला म्हणाली, “अहो, बोर्ड वाचला तेव्हा आत जाऊन रडले मी. समोर काच बसायला लागल्यापासून तुम्ही झोपेत दचकून उठताय. सोडा म्हणायची माझी छाती होत नव्हती. वाटायचं, तुम्ही घाबराल. तुम्ही आपणहून ठरवलंत.”

काय करतोय विचारलं तिने. म्हटलं, बोर्ड वाकडा लागलाय, सरळ करतोय. सरळ केला. मग बोर्डचे खिळे मोजत बराच वेळ वरच थांबलो.

निर्णय तसा माझाच होता. मनात कुठेतरी असणारच.

१५ मार्च, शनिवार
सवयीने लवकर उठलो. अंघोळ केली, शर्ट चढवला, दारापर्यंत गेलो. बायकोने विचारलं, कुठे निघालात? तिथेच उभा राहिलो आणि म्हटलं, “मला फार भीती वाटतेय गं.”

ती म्हणाली, “मलाही.”

मग दोघं चहा घेत बसलो. साखर घालायची राहिली होती. तसाच प्यायलो.